क्लॅम्पखालचा लाल: एका जुन्या बीएमएक्सच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

रोझ बोलचा बाजार पासाडेनात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो. उजाडायच्या आत घर सोडलं नाही तर हाती लागतात त्या जुन्या जीन्स आणि कान तुटलेले कप. आज गेलो होतो एक चांगला व्हाइस, म्हणजे काम पकडून धरायचा शिकंजा, शोधायला. घेऊन आलो सायकल, पोरांची मातीत शर्यती करायची छोटी बीएमएक्स.

पूर्ण सायकल नव्हे. एक फ्रेम, तिच्यात अडकून बसलेला पुढचा चिमटा, हँडल, दोन चाकं, आणि दुधाच्या क्रेटमध्ये कोंबलेले बाकीचे भाग. विकणाऱ्याच्या भावाची होती म्हणे, गॅरेज रिकामं करायचं होतं. ३४० डॉलर सांगितले, ३०० ला दिली. घरी २०० सांगितलेत. ही वही मराठीत आहे म्हणून लपेल असं नाही, बायकोलाही मराठी येतं.

घेतली ती गावामुळे. फ्रेम मॉन्गूसची आहे आणि मॉन्गूस ही मूळची आमच्या सिमी व्हॅलीची. स्किप हेसने इथे बीएमएक्स प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, तीही आधी सायकलसाठी नाही, चाकासाठी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं श्विनच्या स्टिंग-रे सायकली मोटोक्रॉसच्या गाड्यांसारख्या मातीत उडवायची आणि तारांची चाकं वाकवून घरी यायची. त्यावर हेसने १९७४ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव चाक काढलं, मोटोमॅग. फ्रेम त्यानंतर आल्या. मी इथे अकरा वर्षं राहतोय, हे मला चार महिन्यांपूर्वी कळलं.

उद्या संक्रांत. लाडू वळायला बोलावणं आलंय, हात ग्रीसने काळे आहेत.

२० जानेवारी

जुनी चादर अंथरून सगळं मांडलं. डाय-कॉम्पेचे एमएक्स १००० ब्रेक, पुढचा आणि मागचा. दोन लिव्हर. हँडल पकडून ठेवणारा टफ-नेकचा स्टेम. अराया ७एक्स रिमची चाकं. शिमानो डीएक्स पायडलं. क्रेटच्या तळाशी स्कायवेच्या टफ व्हील्सची एक जास्तीची जोडी, पांढरी, पिवळट पडलेली.

ब्रेक, लिव्हर, स्टेम आणि रिम हे सगळं एके काळी लाल होतं. आता कांद्याच्या सालीचा गुलाबी आहे, तोही सगळीकडे सारखा नाही. वरच्या बाजूला फिका, खालच्या बाजूला जरा गडद. मागचा ब्रेक तर राखाडीच झालाय, त्यावर पांढरे फोड.

पुसायच्या आधी नुसतं बघत बसलो आणि एक मजा लक्षात आली. डावं पायडल घासलेलं, डावी लिव्हर टोकाला खरवडलेली, हँडलचं डावं टोक झिजलेलं, डावीकडचे अ‍ॅक्सलचे नट गोल झालेले. उजवी बाजू मात्र जवळजवळ नवी. चेन उजवीकडे असते, म्हणून ते पोरगं सायकल कायम डाव्या कुशीवर टाकायचं. स्टँड नव्हताच, तिथली पोरं तो पहिल्या दिवशीच काढून फेकायची.

डाव्या लिव्हरला तीन भोकं आहेत. कंपनीची नाहीत, कारण एका ओळीत नाहीत आणि तिसऱ्याला ड्रिल घसरल्याची रेघ आहे. वजन कमी करायला पाडलेली असणार. तीन भोकांनी दोन-तीन ग्रॅम वाचले असतील. ती तशीच राहतील, हे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मोह नको.

मग तारखा. शिमानोच्या भागांवर दोन अक्षरं असतात: पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. वर्षाचं ‘ए’ म्हणजे १९७६. पायडलवर ‘एच’ आणि ‘सी’ आहे, म्हणजे मार्च १९८३. डाय-कॉम्पेच्या ब्रेकवर आतल्या बाजूला चार आकडे असतात, महिना आणि वर्ष. दोन्ही ब्रेकवर ०२८३. पायडल आणि ब्रेक महिन्याच्या अंतराने बनलेले, म्हणजे हे भाग निदान इकडून-तिकडून जमवलेले नाहीत. १९८३ सालची सायकल, बहुतेक मूळ सामानासकट. छाती थोडी फुगली.

३ फेब्रुवारी

फ्रेम. दोन आठवडे मी हिला क्रोम समजत होतो. कोल्हापूरला अप्पांना व्हिडिओवर दाखवली. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं आणि शेजारी मुलामा देणारा बसायचा, त्यामुळे धातू ओळखायला त्यांना दोन सेकंद पुरतात.

“आरं, निकेल हाय ते. क्रोम निळं मारतंय, ह्यो पिवळट हाय बघ.”

खरंच. हँडल फ्रेमशेजारी धरलं की फरक दिसतो. हँडलची चकाकी आरशासारखी गार आणि निळसर आहे, फ्रेमची दुधात केशराची एक काडी पडावी तशी. शोभेचं क्रोम म्हणजेही खाली निकेलच असतं, दहा-वीस मायक्रॉन, आणि त्याच्यावर क्रोमचा पापुद्रा, पाव मायक्रॉन वगैरे. चमक निकेलची, क्रोमचं काम ती मंद होऊ न देण्याचं. इथे वरचा पापुद्रा नाहीच, म्हणून निकेल चाळीस वर्षांत धुरकट झालं. लोक अशा फ्रेमला ‘क्रोम उडालेली’ समजतात आणि नवं क्रोम मारून मोकळे होतात. मीही त्याच वाटेवर होतो.

खालच्या नळीवरचं स्टिकर कुणीतरी कधीच सोललेलं आहे. पण टॉर्च तिरपा धरला की अक्षरं दिसतात, पूर्ण नाव. स्टिकर होतं तेवढं निकेल झाकलेलं राहिलं, आजूबाजूचं मंद झालं. अक्षरांच्या जागी रंग नाही, काही नाही, फक्त उजळपणाचा फरक. पॉलिश घेऊन बसलो असतो तर दहा मिनिटांत नाव पुसलं गेलं असतं आणि मला कळलंही नसतं.

म्हणून फ्रेमला फक्त हलकं तेल, मऊ फडकं, आणि गंजाच्या ठिपक्यांवर काशाची बारीक लोकर, तीही बोटाच्या टोकाने. खालच्या नळीला हात नाही. अप्पांचा निरोप: “बफ मारू नगंस. बफ मारला की कडा गेल्या.” वेल्डिंगच्या लहरी अजून नाण्याच्या कडेसारख्या स्पष्ट आहेत. चकचकीत करायला दिलेल्या फ्रेममध्ये सगळ्यात आधी त्याच गुळगुळीत होतात, आणि नळीची भिंतही घासली जाते. क्रोमोली ४१३० पोलादाची नळी असते जेमतेम ०.९ मिलिमीटर.

१० फेब्रुवारी

आज माती खाल्ली, छोटी.

गंजलेले नट-बोल्ट, वॉशर, सीटचा क्लॅम्प हे सगळं ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये टाकलं. गरम पाण्याच्या बादलीत दोन-तीन चमचे, रात्रभर. गंज जातो यात वाद नाही. पण अर्ध्या बोल्टांवर गंज नव्हताच. त्यांच्यावर पिवळं झिंक होतं, ते इंद्रधनुष्याची झाक मारणारं, ऐंशीच्या दशकातल्या प्रत्येक जपानी बोल्टवर असायचं ते. अ‍ॅसिडला गंज आणि झिंक यात भेद नाही. सकाळी बादलीतून सगळे सारखेच राखाडी निघाले, वर आयर्न ऑक्झलेटची पिवळी साय. खाण्याच्या सोड्याने धुतले, वाळवले, तेल लावलं. आता हे बोल्ट नवे वाटत नाहीत आणि जुनेही वाटत नाहीत.

आधी वेगळे करायला हवे होते: क्रोमचे एकीकडे, झिंकचे दुसरीकडे, अ‍ॅनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने रंग बसवलेलं अ‍ॅल्युमिनियम तर या बादलीच्या आसपासही नको. झिंकवाल्यांना साबणाचं पाणी पुरतं. काही जुन्या बोल्टांवर झिंकऐवजी कॅडमियम असतं, ते विषारी, त्यामुळे कोणत्याही जुन्या फास्टनरला सँडपेपर लावायचा नाही.

१७ फेब्रुवारी

हँडल. क्रोमवर तपकिरी ठिपके. हा क्रोमचा गंज नव्हे, क्रोम गंजत नाही. मुलाम्यात सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, त्यातून खालचं लोखंड बाहेर डोकावतं. चुरगाळलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि पाणी घेऊन घासलं. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. नव्वद टक्के गेलं. उरले ते खड्डे, विशेषतः आडव्या दांडीच्या जोडाजवळ.

जवळच्या एका मुलामावाल्याकडे नेलं. त्याने पूर्ण काम सांगितलं: जुनं क्रोम-निकेल उतरवायचं, खड्डे जाईपर्यंत पॉलिश, मग तांबं, निकेल, क्रोम. हँडलच्या बाजारभावाच्या दुप्पट पैसे आणि तीन महिने थांबा. थांबा का, तर गर्दी. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मे २०२३ मध्ये नियम केला की शोभेच्या मुलाम्यासाठी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे टाकीत वापरतात ते विषारी क्रोमियम, १ जानेवारी २०२७ पासून बंद. मुदतवाढीची सोय आहे, पण लोकांना धीर नाही. जुन्या मोटारींचे बंपर, मोटरसायकलींचे पाइप, सगळ्यांची रांग लागलीय. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, हेक्झाव्हॅलंट क्रोम कॅन्सर करतं आणि ही दुकानं बहुतेक गरीब वस्त्यांना लागून आहेत. पुढे त्याहून कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोम येईल, त्याची झाक किंचित वेगळी असते, सवयीच्या डोळ्याला कळते.

हँडल परत घेऊन आलो. खड्ड्यांत मेण भरलं. पॉलिश करून खड्डे काढायचे म्हणजे पातळ नळी जोडाजवळच आणखी पातळ करायची, आणि हँडल तुटतं ते तिथेच.

२ मार्च

आज स्टेम सोडवला. चार बोल्ट, त्यातला एक दोन दिवस तेलात ठेवून, तापवून, शिव्या देऊन निघाला. पुढचं झाकण हातात आलं आणि मी ते उलटं केलं.

आत लाल.

गुलाबी नाही, वीट नाही. डाळिंबाच्या दाण्याचा लाल, आतून पेटल्यासारखा. हँडल जिथे पकडलेलं होतं तेवढ्या अर्धगोलात, मधल्या नर्लिंगच्या, म्हणजे पकडीसाठीच्या खाचांच्या, खुणा सोडून. एकेचाळीस वर्षं या जागेला ऊन लागलं नव्हतं. बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, “छान आहे, आणि आता जेवायला ये.”

हे का होतं ते मला नीट कळावं म्हणून लिहितो. अ‍ॅनोडायझिंग हा रंगाचा थर नाही. अ‍ॅल्युमिनियमला सौम्य गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिडात, धन टोकाला जोडून वीज सोडली की पृष्ठभागाचंच ऑक्साइड होतं, काही आत आणि काही बाहेर वाढत. या ऑक्साइडला मधाच्या पोळ्यासारखी अतिसूक्ष्म उभी छिद्रं असतात. त्यात डाय, म्हणजे रंगद्रव्य, भरायचा, मग उकळत्या पाण्यात टाकायचं. ऑक्साइड पाणी शोषून फुगतं, छिद्रांची तोंडं मिटतात, रंग आत कोंडला जातो. म्हणून तो नखाने निघत नाही. पण ऑक्साइड पारदर्शक. डाय सेंद्रिय असला की ऊन काचेतून यावं तसं त्याच्यापर्यंत पोचतं आणि वर्षानुवर्षं तो मोडत राहतो. लाल आणि जांभळ्याची ही गत ठरलेली. सोनेरी रंग बरेचदा टिकलेले दिसतात, कारण सोनेरीसाठी फेरिक अमोनियम ऑक्झलेट हे लोखंडाचं मीठ वापरता येतं, आणि त्याला उन्हाचं काही वाटत नाही.

तर माझ्याकडे आता मूळ रंगाचा नमुना आहे, अंगठ्याएवढा. प्रश्न असा की त्याचं करायचं काय.

ठरलं ते असं. स्टेमला हात नाही. ज्याच्यावर पुढचे दात अवलंबून असतात त्या भागाला मी गॅरेजमध्ये कॉस्टिक सोडा लावणार नाही, आणि ऑक्साइडचा जाड थर अ‍ॅल्युमिनियमची थकव्याची, म्हणजे पुन्हापुन्हा ताण सोसण्याची, ताकद कमीच करतो. लिव्हर फिक्या आहेत पण धडधाकट, पुढचा ब्रेकही. मागच्या ब्रेकवर मात्र रंगच नाही आणि पांढरे फोड आत खात चाललेत. तेवढाच पुन्हा करायचा.

९ मार्च

आज माती खाल्ली, मोठी.

जुनं ऑक्साइड उतरवायला कॉस्टिक सोडा. त्याच्या कोमट द्रावणात अ‍ॅल्युमिनियम टाकलं की फेसाळतं, तो हायड्रोजन, म्हणून गॅरेजचं दार उघडं, गॉगल, लांब हातमोजे. ब्रेक पूर्ण खोलला, स्प्रिंग, पिव्हट, पितळी वॉशर सगळं बाहेर, नुसते दोन हात उरले. पहिल्या हाताला दीड मिनिट लागलं. दुसरा टाकला आणि ऑफिसचा फोन आला. या आठवड्यात ऑन-कॉल मीच आहे. फोनवर असताना मनात मोजत होतो, पण मोजत होतो ते सर्व्हर.

बारा मिनिटं.

ऑक्साइड संपलं की कॉस्टिक थांबत नाही, ते खालचं अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं. हात बाहेर काढला तेव्हा कडा मऊ झालेल्या, पृष्ठभाग खडूसारखा, आणि आतल्या बाजूचा ०२८३ गायब. ‘०’ ची सावली आहे असं मला वाटतं. सई म्हणाली, काही नाहीये, बाबा.

बाहेरच्या बाजूचं नाव खोल कोरलेलं आहे, ते वाचलं. ब्रेक कामाला येईल, ताकदीत फारसा फरक नाही, कॅलिपरने मोजलं, ०.२ मिलिमीटर गेलं. तारीख गेली ती गेली.

लिहिणार नव्हतो. पण नुसत्या चांगल्या गोष्टी लिहायच्या तर वही कशाला.

३० मार्च

आज रंगपंचमी, आणि माझे हात खरोखर लाल.

टाकीसाठी प्लास्टिकचा डबा. बॅटरीचं अ‍ॅसिड पाण्यात ओतून पंधरा टक्क्यांच्या जवळ आणलं. पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडात पाणी कधीच नाही. ऋण टोकाला शिशाची पट्टी. भाग टांगायला अ‍ॅल्युमिनियमची तार, कारण तांब्याची किंवा लोखंडी तार अ‍ॅसिडमध्ये स्वतःच विरघळायला लागते. कॉस्टिकनंतर भागावर काजळीसारखा थर राहतो, मिश्रधातूतलं तांबं-सिलिकॉन, तो वेगळ्या द्रावणात धुवावा लागतो. ते केलं.

गॅरेजवाल्यांचा एक ‘७२० चा नियम’ आहे: चौरस फुटाला किती अँपिअर गुणिले किती मिनिटं, भागिले ७२०, की थराची जाडी मिलमध्ये मिळते. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी सहा अँपिअर आणि ९६ मिनिटं धरली, म्हणजे ०.८ मिल, साधारण २० मायक्रॉन. दोन्ही हातांचं क्षेत्रफळ कागद गुंडाळून काढलं, पाव चौरस फूट आलं, तर दीड अँपिअर. अ‍ॅसिड २० अंशांच्या आसपास ठेवायला टाकीभोवती बर्फाचं पाणी, कारण तापलं तर झालेलं ऑक्साइडच विरघळतं.

एक हात सुंदर झाला. दुसरा डायमध्ये जेमतेम गुलाबी झाला, म्हणजे ज्या रंगातून बाहेर पडायचं होतं तिथेच परत. तार सैल होती. संपर्क तुटला की त्या भागाचं ऑक्साइड वाढत नाही, आणि छिद्रंच नसतील तर डाय बसणार कुठे. दोन्ही उतरवून पुन्हा करायचे. या वेळी फोन घरात ठेवून कॉस्टिकशेजारी स्टॉपवॉच घेऊन बसलो.

९ एप्रिल

पाडवा. गुढीसाठी तांब्याचा गडू सईने चिंच आणि मीठ लावून घासला आणि विचारलं, हे चालतं तर ते का नाही चालत. बरोबर आहे तिचं. गडू दरवर्षी घासायचा, त्याच्या काळेपणावर कुणी जीव टाकत नाही. भांड्याला कल्हई केली तर कुणी म्हणत नाही की मूळ कथील गेलं. ते भांडं वापरात आहे. मी तिला म्हणालो की या सायकलवर रोज कुणी जेवत नाही. उत्तर मलाच फार पटलं नाही.

संध्याकाळी अप्पांचा फोन. तारीख पुसली गेल्याचं मी त्यांना महिनाभर सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. मला वाटलं बोलणी बसतील. ते म्हणाले, “मग तू केलंस त्याचा शिक्का मार की. उद्या कुणी म्हणाया नगं, कंपनीचंच हाय.”

नंबर पंचांचा संच मागवला.

२० एप्रिल

पंच आधी, अ‍ॅनोडायझिंग नंतर. उलटं केलं तर नव्या ऑक्साइडला तडे जातील. जुना शिक्का होता त्याच जागी, त्याच पद्धतीने: ०४२४. दुसरा ‘४’ थोडा तिरका बसला. लिव्हरमधल्या तिसऱ्या भोकाच्या शेजारी शोभेल.

तारा या वेळी भोकांत ठोकून घट्ट केल्या. ९६ मिनिटं हललो नाही. डाय ६० अंशांवर, त्याहून गरम झाला तर रंग शिरायच्या आत छिद्रं मिटायला लागतात. रंग जुळवायला तुकडे आधी करून ठेवले होते: दोन मिनिटं, पाच, दहा, पंधरा. स्टेमचं झाकण शेजारी उलटं ठेवून उन्हात पाहिलं. नऊ मिनिटांना भाग काढला. मग निकेल अ‍ॅसिटेटचं सीलिंग, साध्या उकळत्या पाण्यापेक्षा यात रंग कमी सुटतो.

जुळला. इतका जुळला की बाकीच्या सायकलशेजारी तो बेसूर दिसतोय. एक डाळिंबी मागचा ब्रेक आणि भोवती सगळा कांदा. याचा विचार मी केलाच नव्हता. रंग जुळवला तो १९८३ शी, आणि सायकल आहे २०२४ मधली.

रात्री बराच वेळ विचार केला की पुन्हा उतरवून गुलाबी करावा का, मुद्दाम जुना. तो खोटेपणा वाटला. राहू दे.

४ मे

टफ व्हील्स सईच्या. जास्तीचीच जोडी होती. ही चाकं कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला रेडिंगमध्ये बनायची, नायलॉनमध्ये काचेचे तंतू मिसळून. आणि नायलॉन कपड्याच्या रंगात रंगतं, लोकर रंगते तसंच. स्टीलच्या मोठ्या घमेल्यात उकळीच्या थोडं खाली पाणी, डाय, व्हिनेगर, चाक फिरवत वीस मिनिटं. जांभळं. पिवळटपणा खाली असल्याने थोडं वांग्याकडे झुकलं, तिला आवडलं.

हे परतीचं काम नाही, रंग निघत नाही. पण फसवणूकही होत नाही: कंपनीच्या रंगीत चाकांत रंग आरपार असतो, रंगवलेल्या चाकाला ओरखडा पडला की खालून पांढरं दिसतं. मी दोन महिने एका ब्रेकपायी जागरणं केली आणि ही दोन चाकं एका दुपारीत झाली, गाणी म्हणत.

१८ मे

रिम. मोह फार झाला. २० इंची रिमला मोठी टाकी लागेल, ३६ तारा सोडवाव्या लागतील, ते चाललं असतं. अडलं ते जोडावर. रिम वाकवून दोन टोकं जोडलेली असतात, त्या पोकळीत अ‍ॅसिड शिरलं की बाहेर येत नाही, महिनोन्महिने झिरपत राहतं आणि आतून खातं. शिवाय ब्रेकचे रबर जिथे घासतात तिथे मूळ रंगही पहिल्या उन्हाळ्यातच गेलेला असणार. लाल रिमवर चंदेरी पट्टा हे वापरलेल्या सायकलचं लक्षण आहे, नवा रंग दिला तरी शनिवारपर्यंत तोच पट्टा परत.

धुतल्या, मेण लावलं, तारा घट्ट केल्या. पंधरा मिनिटांची नोंद, तीन आठवड्यांचा विचार.

८ जून

जोडली. मागच्या ब्रेकची केबल दोनदा कापावी लागली, बाकी बिनबोभाट. खालच्या नळीवरचं नाव संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लांबूनही वाचता येतं. नवीन स्टिकर मिळतात, हुबेहूब. लावणार नाही.

समोरच्या घरातले गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते, थबकले. साठीला टेकलेत, लहानपणी इथल्याच ट्रॅकवर शर्यती केलेल्या. कुत्र्याची दोरी माझ्या हातात दिली, विचारलंही नाही, आणि बसले. गुडघे हँडलला लागत होते. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मागचा ब्रेक कच्चकन दाबून चाक घसरवलं, वळले, उभ्याने पायडल मारत परत आले. चेहरा लाल, डाळिंबी म्हणावा असा.

उतरले, आणि न बघता सायकल काँक्रीटवर टाकून दिली. डाव्या कुशीवर.

मग दचकून माझ्याकडे पाहिलं, सॉरी म्हणाले. मी उचलून बघितलं. डाव्या लिव्हरचं टोक खरवडलं होतं, जिथे आधीच खरवडलेलं होतं तिथेच. जुन्या खुणेपेक्षा नवी जरा जास्त चमकत होती.